घोडबंदर रस्त्यावरचे खटारे

आज ‘घोडबंदर रोड’ म्हटले की ठाण्याचे टॉवर आणि गायमुखचा घाट डोळ्यांपुढे येतो. माझ्या आजोबांच्या तोंडी घोडबंदर रस्ता म्हणजे वांद्र्याहून निघून अंधेरी, गोरेगाव, मालाड, बोरिवली मागे टाकत दहिसरवरून वसईच्या खाडीपर्यंत जाणारा रस्ता. त्यातल्या बऱ्याच भागाला आता स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतात आणि सकाळी नऊ वाजता त्यावरून रिक्षाने बोरिवली स्टेशन गाठायचे म्हणजे काय, हे दहिसरकरांना सांगायला नको. हा रस्ता मोटारींसाठी झालेला नाही. तो झाला तेव्हा मोटार जन्मालाच आली नव्हती. तो बैलगाडीचा रस्ता होता, आणि रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा हा वाद आज कुणी काढला, तर मला ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते.

आमचे दहिसर ज्यात येते ती साष्टी हे बेट. मुंबईहून इकडे यायचे तर माहीमची खाडी ओलांडावी लागे. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि या वाटेवर सरकारने टोल घेऊ नये अशी अट घातली. अवाबाईंची ही अट मला फार मोलाची वाटते. कारण तिचा फायदा घोडागाडीतून हवा खायला निघालेल्या साहेबापेक्षा साष्टीतल्या गाडीवानाला अधिक झाला. भात, गवत, लाकूड, भाजी घेऊन निघालेला खटारा होडीत माल न उतरवता आणि पैसे न मोजता थेट मुंबईत जाऊ लागला.

पुढे रेल्वे आली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुरू झाली, तेव्हाच्या स्थानकांत बोरिवली होते, दहिसर नव्हते. त्यामुळे दहिसरच्या मालाला खटारा सुटला नाही. उत्तरेकडे तर हा रस्ता खाडीशी थबके आणि उजवीकडे ठाण्याच्या दिशेने वळे. वसईला जायला पूल नव्हता. परप्रांतातली, लांब पल्ल्याची वाहतूक दहिसरवरून जायचे काही कारणच नव्हते. जे काही ये-जा करी ते इथलेच होते: शेतातला पेंढा, मिठागरातले मीठ, डोंगराकडच्या खाणींतली खडी, आणि लग्नसराईत वऱ्हाड.

आमच्या घरी खटारा होता. प्रवासाचा हलका छकडा तो वेगळा. खटारा म्हणजे ओझ्याची गाडी. जाड धुरा, रुंद साटी, बाभळीची चाके, चाकावर लोखंडी धाव. चांद्या आणि कवड्या ही जोडी मला आठवते, दोघेही डांगी जातीचे. खिल्लार दिसायला देखणा आणि चालीला तेज, पण आमच्याकडच्या पावसात आणि चिखलात डांगी बैलच टिकतो. डांग, जव्हार, इगतपुरीच्या मुसळधार पावसात वाढलेले हे जनावर. त्याची कातडी तेलकट आणि खूर काळे, टणक. पावसाळ्यात ते भातखाचरात नांगराला, आणि दिवाळी झाली की खटाऱ्याला. मिठागरांचे काम थंडी सरता सरता जोरात यायचे, गवताचा धंदा त्याच्या आधी. आजोबांचे वर्ष असे दोन भागांत वाटलेले असे, अर्धे खाचरात आणि अर्धे रस्त्यावर.

गवताला गिऱ्हाईक तबेल्यांचे. मुंबईला दूध लागे, दुधाला म्हशी लागत आणि म्हशींना वैरण. १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या हजारो म्हशी तिथे हलवल्या गेल्या. जोगेश्वरी-गोरेगावकडे तबेले होतेच. आमच्याकडून पावली, म्हणजे भाताचा पेंढा, आणि डोंगराचे गवत तिकडे जाई. दहिसरपासून जोगेश्वरी पंधरा किलोमीटरच्या आसपास. भरलेला खटारा तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. सकाळच्या वैरणीच्या वेळेला पोहोचायचे तर मध्यरात्र उलटताच जुंपावे लागे. आजी उठून भाकरी बांधून द्यायची. बैलांसाठी पेंडीची पिशवी आणि पाण्याची बादली धुऱ्याला अडकवलेली असायची.

पेंढ्याचा खटारा भरणे ही कारागिरी होती. साटीच्या दोन्ही बाजूंना बांबू आडवे बांधून रुंदी वाढवायची, भारे एकाआड एक फिरवून रचायचे, म्हणजे ते एकमेकांना धरून राहतात. वजन मागे पडले तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गळ्याला फास बसतो. वजन पुढे पडले तर धुरजड होते, सगळा भार मानेवर येतो आणि संध्याकाळपर्यंत खांदा सोलवटतो. आजोबा भार रचून झाला की धुरा एका हाताने उचलून पाहत. हाताला जेवढा भार लागेल तेवढाच बैलाला लागणार, हा त्यांचा ताळा. मग वरून दोर टाकून दांडक्याने पिळून आवळायचे. हे सगळे झाले की खटाऱ्याची रुंदी चाकांच्या बाहेर दोन्हीकडे हात-हातभर गेलेली असायची आणि उंची घराच्या वळचणीला लागे. आजोबा पुढे धुऱ्यावर बसत. त्यांच्या पाठीमागे पेंढ्याची भिंत. मागचे काही दिसत नसे आणि, हे मला फार उशिरा समजले, मागचे काही ऐकूही येत नसे. पेंढा आवाज खातो. लोखंडी धावेचा खडीवरचा खडखडाट, घुंगरमाळ आणि पाठीशी ती भिंत. मागून कुणी कितीही भोंगा वाजवला तरी गाडीवानाला तो फार अंधूक यायचा. रात्री आसाखाली कंदील टांगलेला असे. मागून येणाऱ्याला तो आऱ्यांमधून लुकलुकताना दिसे, तेवढीच खूण.

माझे बाबा १९५८ च्या सुमारास ‘बेस्ट’मध्ये ड्रायव्हर म्हणून लागले. म्हणजे एकाच घरात एक पिढी खटाऱ्यावर आणि दुसरी बसवर, आणि दोघांचा रस्ता एकच. या दोघांचा वाद मी जेवताना कितीदा ऐकला असेल! बाबा म्हणायचे, “आबा, तुम्ही लोक मधोमध चालवता. माझ्या गाडीत माणसं खोळंबतात, त्यांची लोकल चुकते.” आजोबा शांतपणे विचारायचे, “तुझ्या गाडीला ब्रेक आहे ना? माझ्या बैलांना तो नाही. मग थांबायचं कुणी?” बाबा म्हणत, “थांबा असं कुठं म्हणतो, कडेला घ्या.” यावर आजोबांचा आवाज चढे: “कडेला घेऊन दाखव एकदा.”

आजोबांचे म्हणणे बरोबर होते. रस्त्याचा बांधलेला भाग मधला, कडेला माती. लोखंडी धावेचे अरुंद चाक भरल्या वजनाने मातीत उतरले की रुतते. रुतलेली गाडी बाहेर काढायला बैलाला जे ओढावे लागते ते चालताना लागणाऱ्या ओढीच्या कितीतरी पट असते. शेपट्या पिळाव्या लागतात, कधी बैल गुडघ्यावर येतो. चालती गाडी थांबवून पुन्हा हलवणे हेही तसेच. म्हणून शहाणा गाडीवान मध सोडत नसे आणि थांबतही नसे. मागच्या बसमधल्या माणसाला तो मुजोरपणा वाटे. बाबांनी अखेर त्यावर आपला उपाय काढला होता. रस्ता रुंद असेल तिथपर्यंत मागे मागे जायचे, भोंगा वाजवायचा नाही, आणि कंडक्टरने उतरून पुढे चालत जाऊन गाडीवानाला सांगायचे. खटारा चालत्या माणसाच्याच वेगाचा, त्यामुळे कंडक्टर सहज गाठत असे. पुढे नाल्यापाशी जागा आहे, तिथे घेतो, असे गाडीवान सांगायचा आणि घ्यायचाही. कुठल्याही नियमपुस्तकात नसलेली ही रीत बरीच वर्षे चालली.

दुसऱ्या बाजूचीही तक्रार खरी होती, तीही सांगितली पाहिजे. लोखंडी धाव रस्ता कापते. खडीच्या रस्त्यावर तिने चाकोऱ्या पडत, उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरावर तर चरच पडे. इंजिनिअर लोक या धावेवर देशभर चिडलेले होते. त्यावर उपायही होता: रबरी हवेची चाके. डनलॉपची बैलगाडीसाठीची चाके स्वातंत्र्यापूर्वीपासून मिळत होती. रबरी चाक मातीत रुतत नाही, डांबर कापत नाही, आणि त्याच बैलांना जास्त वजन ओढता येते. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांत तर हा फरक आकड्यांत आहे: मोठ्या बैलाच्या दुचाकी गाडीला साध्या चाकावर ९०० किलोची मर्यादा, रबरी चाकावर १,३५० ची. त्याच नियमांनुसार बैलाला दिवसात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त जुंपायचे नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. चांगले नियम आहेत. पण रबरी चाकांचा जोड घ्यायचा तर पेंढ्याच्या धंद्यात तेवढा पैसा कुठून आणायचा? आजोबांनी चौकशी केली आणि सोडून दिली. बैलांना गाडी जड जाऊ लागली की चाकाला वंगण जास्त घालायचे, एवढाच त्यांचा आधुनिकपणा.

रस्ता कुणाच्या पैशाने होतो, यावरून तो कुणाचा हे ठरत गेले, असे मला वाटते. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. मुंबईचे बॅरिस्टर जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९४३ मध्ये देशातल्या मुख्य अभियंत्यांनी नागपूरला जमून वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा केला. ही कामे मोठी आहेत, त्यांच्यामुळे खेडी जोडली गेली, मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण पेट्रोलच्या पैशातून रस्ता होऊ लागल्यावर पेट्रोल न जाळणारा माणूस त्या रस्त्यावर पाहुणा ठरला. गाडीवान कर देत नव्हता असे मुळीच नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात वाहनांवर आणि जनावरांवर कर होताच. चाकावरही आणि बैलावरही.

१९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत आली. आम्ही मुंबईकर झालो. चेक नाका ही मुंबईची वेस झाली. साठच्या दशकात पश्चिम द्रुतगती महामार्ग आकाराला आला, आणि १९६८ मध्ये घोडबंदरजवळ वर्सोव्याला वसईच्या खाडीवर महामार्गाचा पूल झाला. दहिसरच्या इतिहासात मला हा पूल रेल्वेपेक्षाही निर्णायक वाटतो. ज्या बाजूला रस्ता खाडीशी अडत होता तिथून अहमदाबादपर्यंतचा दरवाजा उघडला. गुजरातचे ट्रक, टँकर रात्रंदिवस येऊ लागले. गावातला, ओळखीच्या माणसांचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचे तोंड झाला. कंडक्टरने उतरून गाडीवानाशी बोलायची रीत इथे संपली, कारण सुरतेहून निघालेला ट्रक ड्रायव्हर आजोबांना ओळखत नव्हता आणि ओळखण्याचे त्याला कारणही नव्हते.

आजोबांनी खटारा १९७१ साली विकला. अपघात झाला म्हणून नव्हे. अनेकांना वाटते की वेगाने बैलगाडीला हरवले. आमच्या गावात तरी तसे झाले नाही. खाचरे गेली. एकापाठोपाठ एक शेत बिल्डरांकडे गेले, चाळी आणि मग सोसायट्या उभ्या राहिल्या. पेंढाच उरला नाही तर खटारा कशाला? मिठागरांवर ट्रक जाऊ लागले. तबेल्यांना वैरण वाडा, विक्रमगडकडून टेंपोने येऊ लागली. चांद्या त्याआधीच गेला होता. कवड्याला आजोबांनी सफाळ्याच्या आमच्या नातेवाइकांकडे दिले, खाटकाकडे नाही, हे आजी नंतर कितीतरी वर्षे आवर्जून सांगायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत उड्डाणपुलांची माळ लागली. पुलांच्या तोंडाशी लाल वर्तुळातल्या पाट्या आल्या: बैलगाडीला मनाई, हातगाडीला मनाई, सायकलला मनाई. दहिसरमध्ये ती पाटी लागली तेव्हा मनाई करायला बैलगाडी उरलीच नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही बैलगाडी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे आणि त्या रस्त्यापुरती ती योग्यच आहे. ताशी शंभरच्या वेगात ताशी चारचे वाहन मिसळणे म्हणजे मरण. माझे म्हणणे इतकेच की, बंदी घालताना हळू वाहनांना दुसरी वाट दिली गेली का, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला सेवा रस्ते ठेवले होते. हळू चालणाऱ्यांची ती हक्काची जागा. आज त्यावर उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगा आहेत. गॅस सिलिंडरची तीनचाकी सायकल ओढणारा माणूस आणि भंगाराचा हातगाडीवाला त्या रांगांच्या बाहेरून, बसच्या तोंडापुढून जातो. आजोबांना कडेला मातीत रुतायची भीती होती. या माणसांना कडाच नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. माझी धाकटी बहीण कराडजवळ दिलेली आहे. गळीत हंगामात तिच्या गावावरून उसाने भरलेल्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे जातात. बैलगाडीवर बीडकडून आलेले तोडणी कामगाराचे कुटुंब, मागे ना दिवा ना परावर्तक. उसाची टोके ट्रॉलीच्या बाहेर इतकी आलेली असतात की मागच्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली कुठे संपते तेच कळत नाही. दर हंगामात अपघात होतात, दर हंगामात परावर्तक लावायच्या सूचना निघतात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो राज्य विद्यापीठातल्या शेती अभियंत्यांनी यावर काम केले आणि हळू वाहनांच्या पाठीवर लावायचा एक नारिंगी त्रिकोण ठरवला. त्याच्या कडा रात्री दिव्याच्या उजेडात लाल चमकतात. तिथल्या आमिश लोकांच्या घोडागाड्यांवरही अनेक ठिकाणी तो असतो. पत्र्याचा तुकडा आणि परावर्तक पट्टी, याहून त्यात काही नाही. आमच्या आजोबांच्या आसाखालच्या कंदिलाचेच ते काम, फक्त जास्त दुरून दिसणारे. साखर कारखान्याने उसाच्या वजनकाट्यावर गाडी घेताना त्रिकोण नसेल तर तिथेच लावून द्यावा. टनाच्या हिशेबात हा खर्च कुणाला जाणवणारही नाही.

दहिसरपुरते एक मागणे आहे. दहिसर ते भाईंदर जोडरस्ता आता महापालिका करते आहे, बराचसा खांबांवरून. मिठागरे आणि खारफुटी यांच्या शेजारून तो जाईल. जिथे खटारे चालले त्याच बाजूला पुन्हा एक मोठा रस्ता येतो आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दहिसरच्या नाक्यावर मोटारींचा टोल माफ झाला, मोटारवाल्यांचा विचार झाला, आनंद आहे. आता या नव्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना, जिथे तो जमिनीवर उतरतो तिथे, हातगाडी, सायकल आणि सिलिंडरवाल्यासाठी एक पट्टा आखावा, आणि त्यावर गाडी उभी केली तर ती उचलून न्यावी. महापालिकेला हे अवघड नाही.

वाचकांनाही एक सांगते. वर्सोव्याचा पूल ओलांडून मनोर, तलासरीकडे गेलात तर हिवाळ्यात पावलीने भरलेला टेंपो नाहीतर ट्रॅक्टर पुढे लागेलच, रुंदीला रस्ताभर आणि उंचीला तारांपर्यंत. त्याच्या मागे भोंगा धरून बसू नका. इंजिनाच्या आवाजात आणि पाठीमागच्या पेंढ्यामुळे त्या माणसाला तो ऐकू येत नाही.